सीदचा अंगरखा

28 नोव्हेंबर 1959 रोजी दक्षिण फ्रान्समधल्या रामातुएल नावाच्या खेड्यात छत्तीस वर्षांच्या एका माणसाला पुरलं. त्याच्या अंगावर सूट नव्हता. कोर्नेयच्या 'ल सीद' या नाटकातला नायक रोद्रिग, त्याचा वेष होता. याच वेषात त्याने अविन्योंमध्ये, पॅरिसमध्ये, युरोपभर आणि थेट न्यूयॉर्कमध्येही प्रयोग केले होते. तीन दिवसांपूर्वी यकृताच्या कर्करोगाने त्याचा जीव घेतला होता. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी जे काही सांगितलं ते त्याच्या बायकोला. त्याला स्वतःला शेवटपर्यंत वाटत होतं की आपण बरे होऊन घरी आलो आहोत.

या माणसाचं नाव जेरार फिलिप.

वेषासह पुरण्याच्या त्या प्रसंगाने त्याची जी मूर्ती घडवली ती फ्रान्समध्ये अजून जशीच्या तशी आहे. कधीच म्हातारा न झालेला, देखणा, तलवार परजणारा राजपुत्र. टपाल तिकिटावर तोच, रस्त्यांच्या आणि शाळांच्या पाट्यांवर तोच. मला या मूर्तीबद्दल तक्रार करायची आहे. हे पुस्तक लिहिण्याचं खरं कारण ती तक्रारच आहे. त्या अंगरख्याखाली जो माणूस होता तो राजपुत्र कमी आणि कामकरी जास्त होता. वेळेवर तालमीला येणारा, मंडळींइतकाच पगार घेणारा, नटांच्या संघटनेच्या बैठकीत कंत्राटातली कलमं वाचून दाखवणारा. अंगरख्याच्या झगमगाटात तो दिसेनासा झाला.

सुरुवातीला मलाही तो दिसला नव्हता, हे कबूल करतो. पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला मी 'फाँफाँ ला त्युलिप' पाहिला. प्रिंट ओरखड्यांनी भरलेली, खुर्च्या लोखंडी, आणि पडद्यावर हा सडपातळ पोरगा छपरांवरून उड्या मारतोय, घोड्यावर काय बसतोय, तलवारीने दहा जणांना काय लोळवतोय! मजा आली, पण बाहेर पडताना मित्राला म्हटलं, 'छान आहे, पण यात अभिनय कुठे आहे?' पुढे कितीतरी वर्षांनी, फ्रेंच शिकत असताना, वर्गातल्या बाईंनी 'ल सीद'ची जुनी ध्वनिमुद्रिका लावली. अर्धी वाक्यं कळत नव्हती. पण तो आवाज! किंचित अनुनासिक, घाई नसलेला, आणि पद्य बोलताना पद्य बोलतोय असं मुळीच न वाटणारा. बारा-बारा अक्षरांच्या त्या जोखडबंद ओळी तो अशा बोलत होता की जणू त्या आत्ता, या क्षणी त्याला सुचत आहेत. तो आवाज त्याच उड्या मारणाऱ्या पोराचा आहे हे बाईंनी सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात मित्राची माफी मागितली.

त्याचा जन्म 4 डिसेंबर 1922 रोजी कानचा. चित्रपट महोत्सवामुळे आज जगाला माहीत असलेलं तेच कान. मात्र तेव्हा तिथे महोत्सव नव्हता. वडील मार्सेल फिलिप वकील, पुढे जवळच्या ग्रास गावात हॉटेल चालवत. मुलाने कायदा शिकावा ही त्यांची इच्छा; मुलाने नाटकात जावं ही आईची. आई जिंकली. आईनेच आग्रह धरला म्हणतात, की रंगभूमीवरच्या नावात एकूण तेरा अक्षरं हवीत, ते शुभ. म्हणून आडनावाच्या शेवटी एक जादा 'ई' आला. गंमत अशी की फ्रेंचमध्ये ते अक्षर उच्चारात येत नाही आणि देवनागरीत तर लिहिताही येत नाही. त्यामुळे या पुस्तकात बापाचं आणि मुलाचं आडनाव एकच दिसेल. प्रत्यक्षात मुलाने त्यात एका मुक्या अक्षराचं अंतर ठेवलं होतं.

ते अंतर पुढे फार वाढलं. युद्धकाळात वडील दोरिओच्या पक्षात होते, म्हणजे नाझींशी हातमिळवणी करणाऱ्यांच्या सगळ्यात उघड गटात. युद्ध संपल्यावर फ्रेंच न्यायालयाने त्यांना गैरहजेरीत मृत्युदंड सुनावला. तोवर ते स्पेनला पळून गेले होते. आणि मुलगा? ऑगस्ट 1944 मध्ये पॅरिस मुक्त होत असताना नगरभवनाचा ताबा घेतलेल्या माणसांत एकवीस वर्षांचा जेरार होता. या विषयावर तो जाहीरपणे बोलत नसे. मीही पुढच्या पानांत त्यावरून मानसशास्त्राचे मनोरे रचलेले नाहीत. पण बापलेकांची ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी, ती 'सीद'पाशी उपयोगी पडेल.

1942 मध्ये नीसला तो पहिल्यांदा व्यावसायिक रंगमंचावर उभा राहिला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये जिरोदूच्या 'सोदोम आणि गोमोरा'त त्याला देवदूताचं काम मिळालं, समोर त्या काळची मोठी नटी एडविज फेयेर. जर्मन ताब्यातलं पॅरिस, थंडी, टंचाई, आणि रंगमंचावर हा उंच पोरगा. लोक त्याचं नाव विचारत बाहेर पडले. 1945 च्या सप्टेंबरात त्याच नाट्यगृहात, थिएटर एबर्तोमध्ये, कामूच्या 'कालिगुला'चा पहिला प्रयोग झाला आणि रोमचा वेडा सम्राट कोणी करावा, तर या बावीस वर्षांच्या देवदूताने. इथेच त्याची खरी जात कळते. दिसायला निष्पाप असणं हे नटाचं भांडवलही असतं आणि तुरुंगही. त्याने ते भांडवल पहिल्या संधीला क्रौर्याच्या भूमिकेत गुंतवलं. तो निष्पाप चेहरा हुकूम सोडू लागला की अंगावर काटा यायचा, असं पाहणारे सांगत.

मग सिनेमा. 1947 चा 'ल द्याब्ल ओ कोर' हा रादिगेच्या कादंबरीवरचा, क्लोद ओताँ-लाराचा. पहिल्या महायुद्धात नवरा आघाडीवर असलेली तरुण स्त्री आणि शाळकरी मुलगा यांचं प्रेम. युद्ध नुकतंच संपलेल्या देशात ही गोष्ट सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. ब्रसेल्सच्या महोत्सवात फ्रान्सचे राजदूत खेळातून उठून गेले. त्याच महोत्सवात जेरारला उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं. मोठ्या बाईचं काम करणारी मिशलिन प्रेल त्याच्यापेक्षा उणेपुरे साडेतीन महिने मोठी होती. सतरा वर्षांच्या मुलाची ती आततायी, स्वार्थी, लाघवी बेफिकिरी त्याने चोविशीत अशी उभी केली की वयाचा हिशेब कुणी केलाच नाही.

आता या पुस्तकाच्या गाभ्याकडे येतो.

नोव्हेंबर 1950. पॅरिसच्या आतेलिए नाट्यगृहात जाँ विलार पिरांदेल्लोचं 'चौथा हेन्री' करत होता. विलार नट होता, दिग्दर्शक होता, आणि 1947 पासून अविन्यों गावातल्या पोपच्या जुन्या राजवाड्याच्या अंगणात उघड्यावर नाटकं करण्याचा त्याने घाट घातला होता. पैसा नाही, छप्पर नाही, वारा सुटला की संवाद उडून जातात. त्याने याआधी जेरारला 'सीद'साठी विचारलं होतं, तेव्हा शोकांतिका हा आपला प्रांत नव्हे म्हणून जेरारने नकार दिला होता. आणि आता प्रयोगाच्या वेळी तोच रंगपटात विलारच्या समोर येऊन उभा. मला तुमच्याबरोबर काम करायचंय, एवढंच म्हणणं. सिनेमात त्या वेळी तो फ्रान्समधल्या सगळ्यात मागणी असलेल्या नटांपैकी एक. त्याला विलारकडे काय मिळणार होतं? मिळणार होता मंडळींच्या श्रेणीतला पगार.

विलारने त्याला दोन भूमिका दिल्या. क्लाइस्टचा 'होम्बुर्गचा राजपुत्र', जे नाटक फ्रान्समध्ये फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. आणि 'सीद', जे प्रत्येक फ्रेंच माणसाने शाळेत पाठ केलेलं आणि म्हणून मनातून काढून टाकलेलं.

'सीद' 1637 चं. गोष्ट साधी आहे. रोद्रिगचं शिमेनवर प्रेम आहे. शिमेनचा बाप भांडणात रोद्रिगच्या म्हाताऱ्या बापाच्या थोबाडीत मारतो. म्हाताऱ्याला तलवार पेलत नाही. तो मुलाला म्हणतो, सूड घे. मुलाने सूड घेतला तर प्रेयसी गेली, नाही घेतला तर अब्रू गेली आणि अब्रू गेलेल्यावर ती प्रेम तरी कशी करणार? तो तिच्या बापाला द्वंद्वात मारतो. मग ती त्याच्या शिरासाठी राजाकडे दाद मागते आणि एकीकडे तो मरू नये म्हणून जीव टांगणीला लावते. तीनशे वर्षं हे नाटक छाती फुगवून, हात फैलावून, प्रत्येक ओळीअंती टाळीसाठी थांबून केलं जात होतं. जेरारने काय केलं? त्याने रोद्रिगला एकोणीस-वीस वर्षांचं वय परत दिलं. बापाने टाकलेल्या ओझ्याखाली गोंधळलेला, मग एकाएकी शहाणा झालेला, स्वतःच्याच धैर्याने चकित झालेला मुलगा.

आता ती ध्यानात ठेवायला सांगितलेली गोष्ट. बापाची अब्रू राखण्यासाठी तलवार उचलणारा मुलगा एक असा नट करत होता, ज्याच्या बापाने अब्रू घालवली होती. समोर बसलेल्या प्रेक्षकांतल्या कित्येक तरुणांची गत तीच होती. त्यांच्या वडिलांनी जर्मन ताब्याच्या त्या चार वर्षांत काय केलं होतं हे घरात विचारायची सोय नव्हती. जेरारने हे मनात धरून काम केलं असं मी म्हणणार नाही. पण 1951 च्या उन्हाळ्यात अविन्योंच्या त्या अंगणात लोक ज्या शांततेने ऐकत होते, तिचं काही तरी या गोष्टीशी देणंघेणं असलं पाहिजे, असं मला राहून राहून वाटतं.

तो पहिला प्रयोग जवळजवळ होणारच नव्हता. तालमीत अंधारात तो रंगमंचावरून खाली कोसळला आणि गुडघा दुखावला. भूमिका तलवारबाजाची, आणि पाय टेकवत नाही. पुढे ढकलण्याऐवजी रोद्रिगचा बराचसा भाग त्याने खुर्चीवर बसून केला. मूर्स लोकांशी केलेल्या लढाईचं ते सुप्रसिद्ध वर्णन, जे नटमंडळी रंगमंचभर फिरून गाजवत, ते बसल्या जागेवरून. हातवारे नाहीत, येरझारा नाहीत, फक्त आवाज. मला वाटतं त्या दुखऱ्या गुडघ्याने फ्रेंच शोकांतिकेवर उपकारच केले. नंतर पाय बरा झाला, पण तो साधेपणा राहिला.

त्याच वर्षी सरकारने विलारकडे 'तेआत्र नास्योनाल पोप्युलेर', म्हणजे राष्ट्रीय लोकरंगभूमी, सोपवली. तिचं घर पाले द शायो, अडीच हजारांहून अधिक खुर्च्यांचं अवाढव्य सभागृह. पण तेव्हा तिथे संयुक्त राष्ट्रसंघाचं अधिवेशन चाललेलं. म्हणून विलारने बस्तान हलवलं पॅरिसच्या कडेच्या सुरेन या कामगार वस्तीत. नोव्हेंबर 1951 चा एक शनिवार-रविवार. एकाच तिकिटात 'सीद', ब्रेश्टचं 'मदर करेज', जेवण आणि शेवटी नाच. 'मदर करेज'मध्ये जेरारकडे मोठ्या मुलाचं काम होतं, म्हणजे नायिकेच्या मागे उभं राहण्याचं. आणि रात्री नाचाच्या वेळी कारखान्यात काम करणाऱ्या मुली सिनेमातल्या त्या नटाबरोबर नाचत होत्या.

लोकरंगभूमीच्या जाहिरातींवर नटांची नावं वर्णानुक्रमे छापत. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत सगळ्यांची नावं झाल्यावर शेवटी 'आणि' लावून एक नाव मोठ्या टायपात येतं, ते ज्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय त्यांना या साध्या गोष्टीचा अर्थ लगेच कळेल. नाट्यगृहातल्या माणसांना बक्षिशी द्यायची नाही, कोट ठेवायला पैसे नाहीत, नाटकाची छापील संहिता स्वस्तात, आणि प्रयोग लवकर, कारण उपनगरात राहणाऱ्याला शेवटची गाडी गाठायची असते. हे सगळं विलारचं. पण ते शक्य झालं त्याचं एक कारण हेही, की 'पी' अक्षराखाली येणाऱ्या त्या नावामुळे अडीच हजार खुर्च्या भरत होत्या. हे त्या दोघांनाही ठाऊक होतं आणि जेरारने त्याची किंमत कधी वसूल केली नाही.

1952 मध्ये म्युसेच्या 'लोरेन्झाच्चो'त त्याने मुख्य भूमिका केली, दिग्दर्शनही केलं. त्या नाटकासाठी मोरिस जारने बांधलेली तुताऱ्यांची सुरावट अविन्यों महोत्सवात आजही नाटक सुरू व्हायच्या आधी वाजते. माझ्या मते लोरेन्झो हीच त्याची सर्वांत मोठी भूमिका. जुलमी ड्यूकला मारण्यासाठी त्याचा हुजऱ्या बनलेला, आणि सोंग वठवता वठवता त्या सोंगानेच गिळलेला माणूस. पण 'सीद'च्या उजेडात ती झाकोळली.

सिनेमांची यादी मी इथे देत नाही, ती शेवटच्या प्रकरणात आहे. 'फाँफाँ'ने 1952 मध्ये त्याला जगभर नेलं. सोव्हिएत रशियात आणि जपानात पोरं त्याच्यासारखी उडी मारायला शिकत होती. उड्या बहुतेक त्याच्या स्वतःच्या. रने क्लेरबरोबरचे चित्रपट देखणे आहेत, ओताँ-लाराचा 'तांबडा आणि काळा' आदर्श विद्यार्थ्याच्या वहीसारखा. पण दोन चित्रपटांपाशी थांबायला हवं.

एक, इव्ह आलेग्रेचा 'लेझ ओर्गेय'. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरचं गाव, उन्हाने आणि साथीच्या रोगाने घायकुतीला आलेलं. बायकोच्या मृत्यूनंतर दारूत बुडालेला एक फ्रेंच डॉक्टर तिथे राहतो. दारूच्या एका बाटलीसाठी गुत्त्यात त्याला लोकांसमोर नाचायला लावतात. घामेजलेला शर्ट, वाढलेली दाढी, तोंडावर ओशाळं हसू. नाच वेगात जातो, तोल जातो, सगळे हसतात, आणि तो नाचतच राहतो, कारण बाटली अजून मिळालेली नाही. फाँफाँच्या पुढच्याच वर्षी आलेलं हे दृश्य. ते शरीर तेच, ती चपळाई तीच. फक्त आता ती विकायला काढलेली. ज्यांना त्याचा चेहराच आठवतो त्यांनी हा नाच पाहावा.

दुसरा, रने क्लेमाँचा 'मस्य रिप्वा', 1954. लंडनच्या रस्त्यांवर, बऱ्याच ठिकाणी लपवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेला. बायकांच्या मागे लागणारा, खोटं बोलून पोट भरणारा, आतून पोकळ माणूस. प्रेक्षकांचा लाडका नट इतका नकोसा होऊ शकतो, हे त्याने किती थंडपणे दाखवलंय! शेवटी रिप्वा चाकांच्या खुर्चीत बसलेला दिसतो, आणि आपल्याला त्याची कीव येत नाही. नटाने आपली लाडकी प्रतिमा एवढ्या निष्ठुरपणे मोडावी याला काळीज लागतं.

तो सगळ्याच बाबतींत यशस्वी होता असं नाही. 1956 मध्ये योरिस इव्हेन्सच्या साथीने त्याने स्वतः दिग्दर्शित केलेला 'तिल लेस्पिएग्ल' सपशेल पडला, आणि खरं सांगायचं तर पडण्यासारखाच होता. शिवाय वारं फिरत होतं. तरुण त्रुफोने 1954 मध्ये 'काइए द्यु सिनेमा'त फ्रेंच सिनेमाच्या दर्जेदार परंपरेवर जो हल्ला चढवला, त्यात ज्या पटकथाकारांची त्याने साल काढली, त्यांनीच जेरारचे दोन गाजलेले चित्रपट लिहिले होते. 1959 मध्ये त्रुफोचा पहिला चित्रपट कानमध्ये गाजला, आणि त्याच वर्षाअखेर जेरार गेला. पुढच्या पिढीच्या सिनेमात त्याला जागा मिळाली असती का, हा प्रश्न मला पडतो. त्या वर्षी तो वादिमसाठी जान मोरोबरोबर आणि बुन्युएलसाठी मेक्सिकोत काम करून आला होता, म्हणजे खिडक्या त्याने बंद केलेल्या नव्हत्या.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्याचा बराच वेळ गेला तो नटांच्या संघटनेत. 1957 मध्ये त्याने 'नट म्हणजे कुत्री नव्हेत' अशा मथळ्याचा लेख लिहिला. बेकार नट, तालमींचे न मिळणारे पैसे, दौऱ्यांतली आबाळ. स्वतः सुस्थितीत असलेल्या माणसाने हे लिहिलं म्हणून काहींनी नाकं मुरडली. पुढच्या वर्षी फुटलेल्या संघटना एकत्र येऊन 'फ्रेंच नट संघ' झाला आणि अध्यक्ष म्हणून त्याला निवडलं. ज्यांनी त्याला रोद्रिग म्हणून पुरलं त्यांना मी दोष देत नाही, पण मला विचाराल तर त्या पेटीत बैठकांच्या टिपणांची वहीही चालली असती.

राहता राहिली त्याची बायको, आन. मूळ नाव निकोल. लग्नानंतर जेरारच्या पसंतीने ती आन झाली. लग्नापूर्वीच्या आयुष्यात, 1948 मध्ये, ती चीनच्या शिनच्यांगमधून तांड्याबरोबर काश्मीरपर्यंत आली होती आणि त्या प्रवासावर तिने पुस्तकही लिहिलं. आपल्या भूमीशी या गोष्टीचा संबंध आहे तो तिच्या पायांमुळे. जेरार गेल्यानंतर चार वर्षांनी तिने एक लहानसं पुस्तक लिहिलं, 'एका उसाशाइतका काळ' असं मराठीत म्हणता येईल. त्यात ती त्याला 'तू' म्हणत बोलते. ना चित्रपट, ना टाळ्या. घर, मुलं, इस्पितळाची मार्गिका, आणि त्याला न सांगितलेलं ते एक वाक्य. त्याच्यावरच्या चरित्रांच्या ढिगापेक्षा ते पातळ पुस्तक मला जास्त उपयोगी पडलं.

रंगभूमीवरचं त्याचं काम आता कुणाला दिसणार नाही. काही ध्वनिमुद्रिका आहेत, आणि आन्येस वार्दाने काढलेली छायाचित्रं आहेत. पुढे दिग्दर्शिका म्हणून नावारूपाला आलेली वार्दा तेव्हा लोकरंगभूमीची छायाचित्रकार होती. त्यांतली काही या पुस्तकात वर्णन करून सांगितली आहेत. वर्णनं रटाळ वाटली तर तो दोष माझा, तिच्या कॅमेऱ्याचा नाही.

वाचकाला एकच विनंती. पुस्तक हातात घेण्याआधी 'मस्य रिप्वा' मिळवून पाहा, आणि मगच 'फाँफाँ'. मी उलट क्रमाने पाहिले आणि त्यात माझी वीस वर्षं गेली.